भिंतीबाहेरून ऐकलेले गीत

१७ सप्टेंबर हा मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. दरवर्षी या दिवशी आम्ही बीडला आमच्या कचेरीच्या आवारात झेंडावंदनाला उभे असतो. साहेब दोरी ओढतात, पाकळ्या खाली पडतात, राष्ट्रगीत होते, २०२३ पासून राज्यगीतही होते. मग चहा आणि पुन्हा आपापले टेबल. यंदा मात्र आम्ही रजेचा अर्ज टाकला आणि १६ तारखेला संध्याकाळी धारूरची एस.टी. धरली.

अंबाजोगाईच्या एका अभ्यासिकेतील मुलामुलींनी १७ तारखेला दुपारी 'देशोदेशीची राष्ट्रगीते' या विषयावर बोलायला आम्हाला बोलावले होते. वाचकहो, हसू नका. आम्ही बी.कॉम. झालेले कारकून, बिले तपासण्यात आयुष्य गेले. राष्ट्रगीताशी आमचा संबंध सावधान उभे राहण्यापुरता. पण आमचे चळवळीतले जुने सोबती, ज्यांना आम्ही सगळे गुरुजी म्हणतो, त्यांचा मुलगा राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीवर जर्मनीत शिकायला गेला. तिथे एका फुटबॉलच्या सामन्याला तो गेला असता सारे लोक उठून राष्ट्रगीत गाऊ लागले. शेजारच्या माणसाने त्याला सांगितले की आमच्या गीताची कडवी तीन आहेत, पण आम्ही फक्त तिसरेच गातो. पोराने हे फोनवर बापाला सांगितले, बापाने आम्हाला. तेव्हापासून ही गोष्ट आमच्या डोक्यात बसली. पहिली दोन का गात नाहीत? मग वाचनालयात बसून जे मिळेल ते एका वहीत टिपून घेऊ लागलो. ती वही अभ्यासिकेच्या मुलांना कळली, एवढेच.

गुरुजींची शाळा धारूर तालुक्यातल्या डोंगरी गावात. जिल्हा परिषदेची, सातवीपर्यंतची. तेव्हा आधी तिथले झेंडावंदन, मग आडसमार्गे अंबाजोगाई, असा बेत ठरला. तेलगाव सोडले की गाडी घाटाला लागते. बालाघाटचे हे डोंगर उन्हाळ्यात बघवत नाहीत, पण सप्टेंबरात हिरवेगार असतात. दोन्ही अंगांना सीताफळाची झुडपे. बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. मानांकन मिळाले तरी डोंगरातली बाई अजून पाटी डोक्यावर घेऊनच फाट्यावर उभी राहते आणि गाडी थांबली की खिडकीखाली धावते.

सकाळी सात वाजता शाळेत पोचलो. पटांगण सारवल्यासारखे स्वच्छ झाडलेले. पोरांच्या अंगावर धुतलेले गणवेश. सहावीतली एक मुलगी पुढे आली, 'सावधान' म्हणाली आणि तिने राष्ट्रगीत सुरू केले. पेटी नाही, भोंगा नाही. पण आवाज असा खणखणीत आणि एकेक शब्द असा स्वच्छ, की आमच्या कचेरीतली ध्वनिफीत तिच्यापुढे फिकी पडावी. राष्ट्रगीताला सुमारे ५२ सेकंद लागतात असे नियमात आहे. आम्ही घड्याळ बघितले नाही, पण पोरीने एक श्वासही चुकवला नाही.

गीत चालू असताना आमची नजर फाटकाकडे गेली. भिंतीच्या बाहेर, रस्त्याच्या कडेला एक म्हातारे गृहस्थ काठी बगलेत धरून ताठ उभे होते. डोक्यावरचा पटका काढून हातात घेतलेला. ते गुरुजींचे चुलते. वय नव्वदीला टेकलेले, सारे गाव त्यांना आबा म्हणते. राष्ट्रगीत संपल्यावर गुरुजींनी हाक मारली, "आबा, आत या की."

"राहू द्या," आबा म्हणाले, "मला हितूनच चांगलं ऐकू येतं."

दरवर्षी ते असेच बाहेर उभे राहतात, असे गुरुजींनी सांगितले. खुर्ची दिली, हात धरून आणले, तरी येत नाहीत. रुसवा नाही, राग नाही. नंतर त्यांच्या ओट्यावर चहा घेताना आम्ही खोदून विचारले, तेव्हा आबांनी जे सांगितले ते त्यांच्याच बोलीत देतो.

"निजामाच्या राज्यात शाळा मारुतीच्या देवळात भरायची. आमाला देवळाचीच पायरी नव्हती, मग शाळेची कुठून असंल? म्या म्हशी घेऊन पाराच्या पल्याड उभा राहायचो. पोरं रांग धरून उर्दूत कायतरी म्हणायची. मला वाटायचं, मास्तरचा पगार येळेवर यावा म्हणून देवाला गाऱ्हाणं घालतेत. मग मोगलाई गेली. तेच मास्तर, तीच पोरं, गाणं मातर दुसरं. म्हशी माझ्याच राहिल्या."

आणि मग आबांनी ते जुने गाणे गुणगुणून दाखवले. शब्द एकही धड नाही, पण चाल मात्र पक्की डोक्यात बसलेली. पाऊणशे वर्षांहून अधिक काळ.

आबा जे ऐकत होते ती मास्तरांच्या पगाराची प्रार्थना नव्हती, निजामाच्या सलामतीची होती. हैदराबाद संस्थानात औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद हे पाच मराठी जिल्हे होते. शिक्षणाचा वरचा कारभार सारा उर्दूत. राजाचे आणि त्याच्या राज्याचे आयुष्य वाढो, अशी दुवा शाळाशाळांतून मागितली जाई. मराठी पोरांना अर्थ कळो न कळो, म्हणावे लागे. यात निजाम काही जगावेगळा नव्हता. जगातली कितीतरी राष्ट्रगीते मुळात अशीच, राजाला दीर्घायुष्य मागणारी आहेत. इंग्रजांचे गीत अजूनही तेच मागते. युरोपात त्या इंग्रजी चालीचा एवढा बोलबाला झाला की जर्मन संस्थानांनी तीच चाल घेऊन आपापल्या राजाचे शब्द त्यात बसवले. लिक्टेनस्टाइन नावाच्या चिमुकल्या जर्मनभाषक देशाचे राष्ट्रगीत आजही त्याच चालीवर आहे.

चहा संपवून आम्ही आडसच्या रस्त्याला लागलो. गुरुजींची मोटारसायकल, मागे आम्ही, दुसऱ्या गाडीवर अभ्यासिकेचे एक कार्यकर्ते. सोयाबीन पिवळी पडायला लागलेली, तूर कंबरेएवढी. तासाभरात अंबाजोगाई.

अंबाजोगाईला निजामाच्या काळी मोमिनाबाद म्हणत. हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळाची इथे छावणी होती. मुकुंदराजांचे आणि दासोपंतांचे हे गाव, तशी लिहिण्यावाचण्याची परंपरा जुनी. तीसच्या दशकात हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा सोडून स्वामी रामानंद तीर्थ इथे आले. सोबत बाबासाहेब परांजपे. योगेश्वरी विद्यालयाच्या निमित्ताने राजाची दुवा न मागणारे शिक्षण इथे उभे राहिले. स्वामीजी पुढे हैदराबाद स्टेट काँग्रेसचे नेते झाले आणि तुरुंगात गेले. गावातल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाला आज त्यांचेच नाव आहे.

संस्थानात गीतावरून पहिला मोठा भडका उडाला तो १९३८ साली. औरंगाबादच्या इंटरमीजिएट कॉलेजच्या वसतिगृहात विद्यार्थी प्रार्थनेत 'वंदे मातरम्' म्हणू लागले. सरकारने मनाई केली, मुलांनी ऐकले नाही, संप झाला. लोण हैदराबादला उस्मानिया विद्यापीठाच्या वसतिगृहात पोचले. मुलांना काढून टाकण्यात आले. शेवटी नागपूर विद्यापीठाने त्यांना जागा दिली. पुढे देशाचे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव हे त्या मुलांपैकी एक.

आता त्याच साली, त्याच औरंगाबाद जिल्ह्यात दुसरे काय घडले ते पाहा. ३० डिसेंबर १९३८ रोजी कन्नडजवळ मकरणपूर येथे भाऊसाहेब मोरे यांनी अस्पृश्यांची परिषद भरवली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिला आले. कामठीच्या बाबू हरदासांनी रूढ केलेला 'जयभीम' मराठवाड्यात इथूनच घुमू लागला, असे जुने कार्यकर्ते सांगतात. वसतिगृहातल्या मुलांना गीत म्हणण्यावरून बाहेर काढले ही गोष्ट शाळेच्या पुस्तकात येते, आणि यावी. त्या मुलांनी शिक्षण पणाला लावले होते. पण ज्यांना वसतिगृहाची पायरीच ठाऊक नव्हती, त्यांना काढून टाकण्याचा प्रश्नच आला नाही. त्यांनी त्याच वर्षी आपला घोष वेगळा शोधला. आम्ही या दोहोंत श्रेष्ठ-कनिष्ठ लावत नाही. दोन्ही गोष्टी एकाच मुलुखात महिना-दीड महिन्याच्या अंतराने घडल्या, एवढे तरी आमच्या मुलांना माहीत असावे. आणि हेही की, १९५० साली बाबासाहेबांनी त्याच औरंगाबादेत कॉलेज सुरू केले.

१३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा संस्थानात शिरल्या आणि १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली. त्या आनंदाच्या दिवसांत खेड्यापाड्यांत अनेक निरपराध मुसलमान कुटुंबांचे हाल झाले, माणसे मारली गेली. पंडित सुंदरलाल यांच्या समितीने ते दिल्लीला कळवले होते. मुक्तिदिनाच्या भाषणांत हे कोणी बोलत नाही. आम्ही अभ्यासिकेत बोललो.

अभ्यासिका म्हणजे बुद्ध विहाराच्या वरचा एक हॉल. चाळीसेक मुलेमुली, बहुतेक स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी. त्यामुळे पहिला प्रश्न तसाच आला, "सर, 'जन गण मन' पहिल्यांदा कधी गायले?" तारीख सांगितली, २७ डिसेंबर १९११, काँग्रेसचे कलकत्ता अधिवेशन. मुलांनी लिहून घेतली. मग आम्ही उलट विचारले, परदेशात वाद्यवृंदावर हे गीत भारताचे राष्ट्रगीत म्हणून कुठे वाजले? कोणाला सांगता आले नाही. तर ते वाजले जर्मनीत, हॅम्बुर्ग शहरात, ११ सप्टेंबर १९४२ रोजी. सुभाषचंद्र बोस तेव्हा जर्मनीत होते आणि जर्मन-भारतीय मंडळाचे तिथे उद्घाटन होते. देश पारतंत्र्यात असताना त्याचे राष्ट्रगीत परमुलुखात वाजले. आणि तेही हिटलरच्या राज्यात, जिथे माणसाला त्याच्या वंशावरून गुरासारखे गाडीत कोंबून मारायला नेत होते. ही गोष्ट अभिमानाने सांगताना हा दुसरा भाग गाळून चालणार नाही.

या काळात नेताजींच्या सोबत कोण होता? आबिद हसन. जर्मनीत इंजिनिअरिंग शिकायला गेलेला आपल्या हैदराबादचा तरुण. शिक्षण सोडून तो नेताजींचा सचिव झाला, पुढे १९४३ मध्ये त्यांच्याबरोबर पाणबुडीतून पूर्वेकडे गेला. 'जय हिंद' या घोषणेचे श्रेय त्याला दिले जाते. आझाद हिंदच्या गीताचे हिंदुस्थानी शब्द रचण्यातही त्याचा वाटा होता. निजामाच्या राजधानीतून निघालेला मुसलमान तरुण साऱ्या देशाला अभिवादन देऊन गेला. मुक्तिदिनाला हेही आठवले पाहिजे.

मग आलो त्या तीन कडव्यांच्या गोष्टीवर.

जर्मन राष्ट्रगीताची चाल मुळात जर्मनीची नव्हे, ऑस्ट्रियाच्या बादशहाची. हायडन हा थोर संगीतकार. त्याने लंडनमध्ये इंग्रजांचे गीत ऐकले होते. तिकडे फ्रान्समध्ये १७९२ साली क्रांतीचे गीत निघाले होते आणि फ्रेंच फौजा ऑस्ट्रियावर चालून येत होत्या. तेव्हा लोकांनी बादशहाच्या पाठीशी उभे राहावे म्हणून हायडनकडून चाल करून घेतली. १२ फेब्रुवारी १७९७ ला, बादशहा फ्रान्झच्या वाढदिवशी, ते पहिल्यांदा गायले गेले. देवा, बादशहाला सांभाळ, हाच अर्थ. पुढे त्याची भाषांतरे साम्राज्यातल्या अनेक भाषांत झाली. हंगेरियन माणसाने हंगेरियनमध्ये, चेकने चेकमध्ये त्याच बादशहाला आयुष्य मागायचे. निजामाने एवढीही तसदी घेतली नव्हती.

पन्नासेक वर्षांनी हीच चाल एका प्राध्यापकाच्या हाती लागली. हॉफमन फॉन फालर्सलेबेन त्याचे नाव. तेव्हा जर्मनी नावाचा एक देश नव्हता, तीसहून अधिक संस्थाने होती. प्रत्येकाचा राजा निराळा, जकात निराळी, पोलीस निराळे. आपल्याकडच्या संस्थानी मुलुखाचेच चित्र. २६ ऑगस्ट १८४१ रोजी हेल्गोलँड नावाच्या बेटावर त्याने तीन कडव्यांचे गीत लिहिले आणि ते बादशहाच्या चालीवर बसवले. पहिल्या कडव्यात जर्मनी साऱ्यांच्या वर, म्हणजे या सगळ्या राजेरजवाड्यांच्या वर, असा त्याचा भाव होता. दुसऱ्यात जर्मन स्त्रिया, जर्मन दारू आणि जर्मन गाणी यांचे कौतुक. (इथे मुले हसली. मुली हसल्या नाहीत.) तिसऱ्यात ऐक्य, न्याय आणि स्वातंत्र्य. बक्षीस काय मिळाले? त्याच्या राजकीय कवितांमुळे प्रशियाच्या सरकारने १८४२ साली त्याची प्राध्यापकी काढून घेतली, निवृत्तिवेतनही दिले नाही. तो वर्षानुवर्षे या गावाहून त्या गावी भटकत राहिला. त्याने लहान मुलांसाठी लिहिलेली गाणी मात्र जर्मन पोरे अजून म्हणतात.

जर्मन भाषेत त्या काळी दुसरीही देशभक्तीची गाणी निघाली. १८४० साली ऱ्हाइन नदीवरून फ्रान्सशी तंटा झाला, तेव्हा मॅक्स श्नेकेनबुर्गरने नदीवरच्या पहाऱ्याचे गीत लिहिले. चौदा वर्षांनी कार्ल विल्हेल्मने त्याला जी चाल दिली ती शिपायांच्या तोंडी बसली आणि दोन युद्धे ती गाजली. गाणे मोठे जोमदार. पण त्यात राखण शत्रूपासून होती, संस्थानिकांपासून नव्हती. म्हणून सरकारला ते आवडे.

१९१८ साली जर्मनीचा बादशहा गेला. लोकशाही आली आणि देशाला अधिकृत राष्ट्रगीतच उरले नाही. याच काळात, एप्रिल १९२१ मध्ये, आपले बाबासाहेब जर्मनीत गेले आणि बॉन विद्यापीठात त्यांनी नाव नोंदवले. लंडनचा अभ्यास चालू होताच, पैशाची ओढाताण होती, त्यामुळे बॉनचा मुक्काम काही महिन्यांपुरताच राहिला. पण योगायोग पाहा. ज्या हॉफमनची नोकरी गेली तोही तरुणपणी याच बॉनमध्ये शिकलेला. बादशहाला हाकलून नवी घटना स्वीकारलेला, पण काय गावे हे न ठरलेला एक देश बाबासाहेबांनी डोळ्यांनी पाहिला. पुढच्याच वर्षी, ११ ऑगस्ट १९२२ ला, राष्ट्राध्यक्ष एबर्ट यांनी हॉफमनचे गीत राष्ट्रगीत ठरवले. हे एबर्ट स्वतः जिनाच्या कारागिरीतून वर आलेले, खोगिरे शिवणारे.

नंतर हिटलर आला. त्याने तिसरे कडवे, न्यायाचे आणि स्वातंत्र्याचे, बाजूला टाकले. पहिलेच गायचे आणि त्याला लागून आपल्या पक्षाचे गाणे. राजेरजवाड्यांच्या वर देश, असा जो मूळ अर्थ, तो साऱ्या जगाच्या वर आम्ही, असा झाला. शब्द तेच, एक अक्षर बदलावे लागले नाही. युद्ध हरल्यावर हे गीत गायला लोकांची जीभ रेटेना. १९५२ साली बॉन या तेव्हाच्या राजधानीत राष्ट्राध्यक्ष हॉइस आणि चॅन्सेलर आडेनावर यांची पत्रापत्री झाली आणि ठरले की सरकारी समारंभात फक्त तिसरे कडवे म्हणायचे. १९९१ साली, दोन्ही जर्मनी एक झाल्यावर, तेच तिसरे कडवे राष्ट्रगीत म्हणून कायम झाले. पूर्व जर्मनीची कथा तर आणखी गमतीची. तिथे १९४९ साली बेखर या कवीने आणि आइस्लर या संगीतकाराने नवे गीत केले. त्यात देशाच्या एकीचा शब्द होता. पुढे सरकारला एकी नको झाली, तेव्हा सत्तरच्या दशकात शब्द बंद केले आणि नुसती चाल वाजवू लागले. १९८९ मध्ये लोक रस्त्यावर उतरले ते नेमके तेच बंद केलेले शब्द ओरडत.

एका मुलीने विचारले, "म्हणजे सगळेच देश गीत कापतात का?"

आम्ही म्हणालो, हिशेब करा. 'जन गण मन'ची कडवी पाच, आपण गातो पहिले. 'वंदे मातरम्'ची पुढची कडवी देवीच्या रूपकाची, मुसलमानांना ती म्हणता येत नव्हती, म्हणून १९३७ साली काँग्रेसने पहिली दोनच घेतली. राजा बढे यांच्या गीताला श्रीनिवास खळे यांनी चाल दिली आणि शाहीर साबळे यांनी ते गायले. राज्यगीत करताना शासनाने त्याची दोन कडवी घेतली. गीत निवडणे म्हणजे काय म्हणायचे ते ठरवणे, तसेच काय म्हणायचे नाही तेही ठरवणे. काही ठिकाणी मात्र भर घालतात. ऑस्ट्रियाने बादशहाची चाल सोडून १९४७ साली नवे गीत घेतले. शब्द पाउला फॉन प्रेराडोविच या कवयित्रीचे. बाईने लिहिलेले गीत, पण देशाच्या थोरपणात नाव फक्त पुत्रांचे. तेथील बायका वर्षानुवर्षे भांडल्या आणि २०१२ सालापासून त्या ओळीत कन्याही आल्या. मघाशी न हसलेल्या मुलींनी इथे टाळ्या वाजवल्या.

नकाशाचीही तीच गोष्ट. जर्मन गीताच्या पहिल्या कडव्यात चार पाण्यांची नावे आहेत. आजच्या जर्मनीत त्यातले एकही नाही. आपल्या गीतात सिंध आहे, तो १९४७ लाच गेला. ते नाव काढा म्हणून कोणी सर्वोच्च न्यायालयात गेले, २००५ साली न्यायालयाने अर्ज फेटाळला. आम्हाला विचाराल तर बरे झाले. हद्द बदलली म्हणून माणसांचे नाव गाळू नये.

मागच्या रांगेतला एक मुलगा उठला. "सर, कुणी नाही गायले तर तो देशद्रोही का?" प्रश्न टोकदार होता, पण त्याने नम्रपणे विचारला. केरळमधल्या तीन भावंडांची गोष्ट सांगितली. यहोवाज् विटनेसेस पंथाची ती मुले राष्ट्रगीताला उभी राहत, पण गात नसत. शाळेने काढून टाकले. १९८६ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की आदराने उभे राहणे पुरेसे आहे, मुलांना परत घ्या. आम्ही हेही सांगितले की मूळ घटनेच्या कलमांत राष्ट्रगीत नव्हतेच. २४ जानेवारी १९५० ला घटना समितीच्या शेवटच्या बैठकीत अध्यक्ष राजेंद्रप्रसाद यांनी ते निवेदनाने जाहीर केले, मतदान नाही. त्याच दिवशी सभासदांनी घटनेवर सह्या केल्या. राष्ट्रगीताच्या आदराचे कर्तव्य घटनेत आले ते १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने.

आणखी एक गोष्ट, जी सांगताना आम्हालाच बरे वाटले. 'वंदे मातरम्' राष्ट्रगीत व्हावे म्हणून मास्टर कृष्णराव फुलंब्रीकर यांनी झिंझोटी रागात त्याची चाल बांधली. ती बँडवर बसते हे दाखवायला दिल्लीपर्यंत खेपा घातल्या. त्यांना यश आले नाही. पण याच मास्तरांनी पुढे बाबासाहेबांच्या विनंतीवरून पाली बुद्धवंदनेला चाल लावली. गाण्याच्या लढाईत हरलेल्या या माणसाचे सूर असे आपल्या विहारात येऊन राहिले आहेत. खाली विहारात तेव्हा लहान मुलांची वंदना चाललीच होती.

परतीला अंबाजोगाईच्या बसस्थानकावर बसलो, तेव्हा दिवे लागले होते. गुरुजी सकाळपासून एक वही जवळ बाळगून होते, ती त्यांनी उघडली. त्यांच्या शाळेतल्या निम्म्याहून अधिक मुलांचे आईबाप ऊसतोडीला जातात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, नवराबायको मिळून एक कोयता. दसरा-दिवाळी झाली की ट्रक येतो, घरदार, भांडी, कोंबड्या, पोरे सगळे त्यात. कोणी सांगलीकडे, कोणी कोल्हापूरकडे, कोणी कर्नाटकात. परत येतात मार्च-एप्रिलला. शिक्षण हमी कार्ड हातात देतात, पण फडात शाळा कुठे आणि पोर कुठे. "१५ ऑगस्टला माझं पटांगण भरतं, १७ सप्टेंबरला भरतं," गुरुजी म्हणाले, "२६ जानेवारीला रांगा मोडलेल्या असतात."

आमच्या मनात सकाळचा आवाज घुमत होता. विचारले, ती सहावीतली मुलगी?

"तिला एकही २६ जानेवारी शाळेत मिळालेली नाही. पहिलीपासून. कोपीवर धाकट्या भावाला सांभाळते."

मुले गावातच राहावीत म्हणून हंगामी वसतिगृहाची योजना आहे. नातेवाइकांकडे राहायचे, शाळेत जेवायचे. यंदाच्या मंजुरीचा कागद त्या दिवसापर्यंत आला नव्हता. तोवर थांबले तर ट्रक निघून जाईल. म्हणून गुरुजींनी आपल्यापुरती यादी केली आहे. अकरा मुले. गावातून घरटी पायलीभर ज्वारी गोळा करायची, बीड आणि अंबाजोगाईच्या कार्यकर्त्यांनी तेलमिठाचे पैसे घालायचे. आठ घरांनी हो म्हटले आहे. तिघांचे अजून नक्की नाही, त्यात त्या मुलीचे घर. आई म्हणते, पोरगी ठेवते, पण धाकट्याला फडात कोण बघणार? दोन वर्षांचे पोर आहे.

"मग?"

"काल आबांनी निरोप धाडलाय," गुरुजी म्हणाले, "पोरगं शाळेच्या वेळात त्यांच्याकडे ठेवा म्हणून. काकूपण तयार आहे. पण बाईला पटलं पाहिजे."

आम्ही यादीच्या खाली आमच्या नावापुढे रक्कम लिहिली आणि सही केली. रविवारी पुन्हा धारूरची गाडी धरायची आहे. बाई रविवारीच घरी सापडते, एरवी सोयाबीन काढायला जाते.